मथुरावहिनीला पिक्चर कसा वाटला

मथुरावहिनी घाबरते, हे मला त्या दिवशी थिएटरात कळलं. पडद्यावर रोमन शिपायांचं जहाज पेटलं होतं आणि तिनं माझं मनगट असं काही आवळलं की बांगडी पिचली. मी रागानं वळून बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक. मग मी बांगडीचं काही बोलले नाही.

ही बाई घाबरणारी नव्हे, म्हणून मुद्दाम सांगते. मिऱ्या गावात आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये फक्त दगडांचा गडगा. तिचा नवरा आत्माराम शिवलकर बोटीवर होता. सुट्टीत घरी आला असताना काविळीनं गेला, तेव्हा त्यांचा पोरगा हर्षद माझ्याच अंगणवाडीत होता. मग वहिनीनं आंब्याच्या कॅनिंगमध्ये हात कुजवले, लोकांच्या बागा झाडल्या आणि पोराला शिकवला. भरतीचं पाणी रस्त्यावर येतं तेव्हा आम्ही सगळ्या सामान माळ्यावर टाकायला धावतो, आणि ही दारात उभी राहून समुद्राला शिव्या देते. आता हर्षदही बोटीवर, इंजिनात. म्हणजे कामाची जागा पार तळाला.

वहिनीची चैन एकच, मारामारीचे पिक्चर. रडारडीचे तिला चालत नाहीत. "रडायला घरात जागा हाय," म्हणते. तलवारी चालायला लागल्या की ही खुर्चीत पाय वर घेते आणि वाटाणे खाते. वाडीत तिच्या मताला वजन. चांगल्या पिक्चरला शहाळं, बऱ्याला नारळ, पडेल असेल त्याला करवंटी. तिनं करवंटी दिली की रिक्षावाला दीपकसुद्धा तिकीट काढत नाही. हर्षदशी तिचं बोलणंही पिक्चरवरूनच चालतं. तो स्वतःचं काही सांगत नाही आणि ती विचारत नाही, पण पिक्चर बघितला की दोघं आपापलं मत फोनवर बोलून पाठवतात आणि मग भांडतात. बोटीवर कोणी ना कोणी हार्डडिस्क भरून आणतोच. आमच्या थिएटरात लागेपर्यंत तिकडे तो पिक्चर शिळा झालेला असतो. पोरगा जेवला की नाही ते मला त्याच्या मतावरून कळतं, असं ती सांगायची आणि आम्ही हसायचो.

न विचारणं ही आमच्या वाडीची रीत. बोटीवरचा माणूस घरच्यांसाठी कायम सिंगापूरला असतो. खरी वाट वाडीतल्या एकाच माणसाला सांगून ठेवायची, काही बरंवाईट झालं तर कंपनीचा फोन त्याला यावा आणि त्यानं ते घरी जाऊन सांगावं म्हणून. सध्या तो माणूस माझा नवरा, महिपत. तोही जन्मभर इंजिनात होता आणि जन्मभर मला सिंगापूरच सांगत आला. वाडीतली इतकी माणसं एकावेळी सिंगापुरात असतात की तिथं एक गणपती बसवायला हरकत नाही. बायकांना हे ठाऊक असतं, आणि बायकांना ठाऊक आहे हे पुरुषांनाही ठाऊक असतं. मला या रीतीचा संताप येतो. पण मोडली मीही नाही.

हर्षदच्या या खेपेला महिपत बातम्या लावून बसायचा आणि मी आत आले की चॅनल बदलायचा. तांबड्या समुद्रात बोटींवर ड्रोन सोडतायत, हे मला अंगणवाडीतल्या मदतनीस बाईनं सांगितलं. हर्षदची बोट कुठं आहे, ते तेव्हापासून महिपतला विचारावंसं वाटायचं आणि उत्तराच्या भीतीनं मी भाजी चिरायला घ्यायचे. वहिनी तर बातम्या बघतच नाही. त्यात धड गोष्ट नसते, म्हणते. पण बाहेरचं बोलणं तिच्याही कानावर पडत असणार.

तर तो पिक्चर. हिंदीत बोलणारे रोमन शिपाई, जंगलात लढाई, मुंडकी उडतायत. इंटरव्हलपर्यंत वहिनी खुशीत होती. "ढाल वर धर, मेल्या," असं तिनं एका शिपायाला दोनदा बजावलंही. पुढे त्यांचं जहाज निघालं. वर शिपाई, खाली अंधारात वल्ही मारणारी माणसं, पायांत साखळदंड. शत्रूनं आगीची मडकी फेकली. वरच्यांनी धडाधड पाण्यात उड्या घेतल्या. तेव्हाच माझी बांगडी पिचली.

"खालची माणसं वर कशी येतील गो, तुळसा?"

"पिक्चर हाय तो, वहिनी."

"पिक्चर हाय ते मला दिसतंय. खालची कशी येतील?"

खालचं कोणी आलंच नाही. पडद्यावर झटकन किनारा दिसला, नायक ओलाचिंब होऊन तलवार उपसून उभा, आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. वाटाण्याची पुडी वहिनीच्या मांडीवर शेवटपर्यंत तशीच राहिली.

परत येताना दीपकची रिक्षा होती आणि पुढे त्याच्या बाजूला गुरुप्रसाद मास्तर. दोघांनीही पिक्चर आदल्या दिवशीच बघितलेला. दीपक म्हणाला, "पैसे वसूल. शेवटाक तर नुसता चेंदामेंदा." पुरुषांची मतं अशीच, किती मेले त्यावर पिक्चर चांगला की वाईट ते ठरतं. मास्तर इतिहास शिकवतात, त्यांना सगळंच चुकीचं वाटलं होतं. "मुळात रोमन जहाजांवर वल्ही मारणारे गुलाम नसायचे," ते म्हणाले. "साखळदंड वगैरे पिक्चरवाल्यांचं डोकं. ती पगारी माणसं असत."

"पगारी?" वहिनीनं विचारलं.

"हो. ठरलेला पगार घेणारी."

"म्हणजे आपल्या पायानं खाली गेलेली," वहिनी म्हणाली. मग दीपकनं विचारलं, काकी, शहाळं की नारळ? ती बाहेर बघत बसली. तिच्याकडून मत मिळालं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि दीपकला त्याची गंमत वाटली. मला वाटली नाही.

घरी आल्यावर तिनं हर्षदला बोलून पाठवलं. गडग्याच्या अलीकडे मला ऐकू येत होतं. आवाज अगदी नेहमीसारखा. "नवीन रोमन शिपायांचा बघितलास काय? त्यात जहाज पेटतं. ते बघ नि कसं वाटलं सांग." 

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बोटीवर नेट जातं, आठवडाभरही जातं, हे आम्हाला काय नवीन नाही. पण आता महिपतचा फोन वाजला की माझ्या हातातलं काम थांबायचं, कारण वाईट बातमी आली तर ती त्याच फोनवर येणार. गॅसवाल्याचा फोन असायचा, बँकेचा असायचा. मी मान वर करायचे तर गडग्यापलीकडे वहिनी उभी असायची. ती झाडूचं, कपडे वाळत घालण्याचं काहीतरी निमित्त करायची. महिपत मोठ्यानं "हां, सिलेंडर उद्या आणा" म्हणाला की ती आत जायची. आम्ही तिघंही एकमेकांशी हवापाण्याचं बोलत होतो आणि तिघंही भेदरलेलो होतो.

मग एका सकाळी ती फोन हातात घेऊन सरळ आमच्या दारापुढच्या खळ्यात आली. महिपत दाढी करत होता. "हर्षदनं मत पाठवलंय," ती म्हणाली आणि ते लावून ऐकवलं.

"आई, पिक्चर एक नंबर. जंगलातली मारामारी शहाळंच. पुढे जहाजाचं होतं ना, ते आमी न बघताच पुढे पळवलं. पोरं म्हणाली नको, काढ ते. बाकी बरा हाय. जेवलो मी."

मला हायसं वाटलं. पोरगा बोलतोय, हसतोय, जेवलाय. मी म्हटलं, "बघ, उगाच जीव टांगणीला लावलास."

"हर्षदनं जहाजावरची मारामारी पुढे पळवली," वहिनी म्हणाली. "लहानपणी ताप होता तरी उठून बसायचा मारामारीला. नि आता बोटीवरच्या एकालापण पेटलेलं जहाज बघवत नाय."

माझं हायसं वाटणं तिथंच संपलं. महिपतनं गालावरचा साबण न पुसता म्हटलं, "सिंगापूरलाच हाय, वहिनी." पण त्याला तिच्याकडे बघता आलं नाही.

"मी बंदर विचारायला नाय आले, भावजी. मला एवढंच सांगा, इंजिनातनं वर यायला वाट एकच काय? ती पेटली तर दुसरी हाय काय?"

एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याला हे कधी विचारलं नव्हतं. मग त्यानं आरसा खाली ठेवला आणि हातानं दाखवत सांगितलं. मोठा जिना असतो तो एक. शिवाय कोपऱ्यात लोखंडी दार, आत अरुंद जागा, आणि सरळ उभी शिडी, थेट वरच्या डेकवर. आगीत वर यायला तीच. दिवे गेले तरी हातानं चाचपून चढता आलं पाहिजे.

"तुमी चढलावत कधी?"

"सरावाला. दर महिन्याला."

वहिनीनं ऐकून घेतलं. मग तिथंच खळ्यात उभ्या उभ्या तिनं फोन तोंडाजवळ धरला. "हर्षद, मी तो जहाजाचा भाग बघितला. मला आवडला नाय. खालच्या माणसांसाठी दुसरी शिडी ठेवायला पायजे होती. तुमच्याकडे कोपऱ्यात हाय म्हणतात. ती डोळे मिटून चढून बघत जा."

महिपत म्हणाला, "वहिनी, त्याला कळेल तुमाला कळलंय ते." ती म्हणाली, "कळू दे."

त्या दिवशी नेट चालू असावं. आम्ही चहा घेत होतो तोवर उत्तर आलं. तिनं फोन मध्ये ठेवला आणि तिघंही वाकलो. मागे इंजिनाची घरघर होती, आणि हर्षदचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"रोज चढतो, आई."

वहिनीनं ते पुन्हा लावून ऐकलं. मग कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सराव महिन्याचा, नि हा रोज चढतो. म्हणजे बोटी पेटतायत तिथंच हाय तो."