वकिलाचा डोळा

वकिलाचा डोळा फिरला तो मंगळवारी सकाळी, दुधाच्या वाटीपाशी.

वकील म्हणजे चष्मेवाल्यांचा कुत्रा. कुणीही काही बोललं की उलट दोन शब्द सुनावल्याशिवाय राहायचा नाही, म्हणून पिल्लू असतानाच हे नाव पडलं. आता तेरा वर्षांचा झाला होता, तोंडावरचे केस पांढरे झाले होते, तरी युक्तिवाद चालूच. त्या सकाळी मात्र त्याने वाटीत तोंड घालायचं ते वाटीच्या शेजारी फरशीवर घातलं आणि कोरडी फरशी चाटत राहिला. चष्मेवाल्यांच्या बायकोने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि ती ओरडलीच.

"अहो, लवकर या! याचा डोळा बघा! डावा डोळा खाली घसरलाय!"

चष्मेवाले अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण तसाच ठेवून आले. बघतात तर खरंच. उजवं बुबुळ जागच्या जागी आणि डावं थेट खालच्या पापणीत जाऊन बसलेलं, वर नुसतं पांढरं. मानही एका बाजूला कललेली. आदल्या संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेलं जनावर. चष्मेवाल्यांच्या काळजात चर्र झालं. पण ते फार तर अर्धा मिनिट. मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

हा माणूस चाळीस वर्षं चष्मे करत होता. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात काचेचा गल्ला, मागे पडदा, पडद्यामागे अक्षरांचा तक्ता आणि कोपऱ्यात काच घासायचं यंत्र. गिऱ्हाईक पायरी कशी चढतं एवढ्यावरून ते नंबर सांगायचे, आणि दहात आठ वेळा बरोबर निघायचा. उरलेल्या दोन वेळा ते गिऱ्हाइकालाच चूक ठरवायचे. शहरातले डोळ्यांचे डॉक्टर तिरळ्या मुलांना चिठ्ठी देऊन त्यांच्याकडे पाठवत. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, म्हणजे आळशी डोळ्याला झक मारत काम करावं लागतं. हे त्या चिठ्ठीत लिहिलेलं असे. चष्मेवाले पट्टीवर पेनाने मांजराचं तोंड काढून द्यायचे, पोरं खूश व्हायची, सहा महिन्यांनी डोळा सरळ झाला की आईबाप पेढे घेऊन यायचे. पेढे खाता खाता चष्मेवाले डॉक्टरांची चिठ्ठी विसरून गेले आणि डोळे आपणच सरळ करतो असं त्यांच्या डोक्यात बसलं.

मूलबाळ नव्हतं. नवराबायकोचं भांडण झालं की दोघं वकिलाच्या मार्फत बोलायची. "वकील, सांग तुझ्या बापाला, भात झालाय." "वकील, सांग तुझ्या आईला, भूक नाहीये." वकील दोघांकडे बघून भुंकायचा, दोघांना हसू यायचं आणि खटला निकालात निघायचा. त्या घरात एकच गोष्ट अशी होती जी गेली असती तर ती दोघं एकमेकांसमोर अगदी एकटी पडली असती, आणि तिचा डोळा आता फिरला होता.

"जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊ या," बायको म्हणाली.

"कशाला? डोळाच आहे ना? तिरळेपणा आहे हा."

"तेराव्या वर्षी? एका रात्रीत?"

"अगं, वय झालं की स्नायू सैल पडतात. चाळीस वर्षं मी काय गवत उपटत होतो? डोळ्याचं तरी मला शिकवू नकोस."

त्यांनी टॉर्च आणली. एका डोळ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा धरला, काढला, मग दुसऱ्यावर धरला, काढला. वकील तेवढ्यात दोनदा डावीकडे कोसळला. चष्मेवाल्यांना त्याचाही खुलासा लगेच सापडला: एकाच्या दोन वस्तू दिसतायत, मग अडखळणारच. त्यांनी दुकानातून पट्टी आणली आणि वकिलाच्या चांगल्या, उजव्या डोळ्यावर नीट बांधली. कान मोकळे राहतील, गाठ टोचणार नाही, सगळं काळजीने. हात बसलेला होता. दोष असलाच तर तो डोक्याचा होता.

वकील भुंकला नाही. एवढ्याने तरी या गृहस्थांना काहीतरी कळायला हवं होतं.

त्या दिवशी तो दाराच्या चौकटीला, स्टुलाला, यंत्राच्या पायाला धडकत राहिला. गिऱ्हाइकांना चष्मेवाले कौतुकाने सांगत होते, "उपचार चालू आहेत. सवय होईपर्यंत जरा त्रास व्हायचाच." शेजारचा लॉन्ड्रीवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, "काका, हा दारू प्यायल्यासारखा चालतोय." चष्मेवाल्यांनी त्याला कपडे धुवायला पाठवून दिलं.

बुधवारी सकाळी तर कहरच झाला. वकील बसायला तयार नव्हता, म्हणून चष्मेवाल्यांनी त्याला दुकानातल्या चादरीवर आडवं असतानाच तपासलं. पट्टी सोडली, टॉर्च मारली. दोन्ही बुबुळं एका रेषेत, अगदी सरळ! डावं जरा वरखाली थरथरत होतं, पण ते चांगलंच लक्षण, डोळा जोर लावतोय.

"बघ!" ते बायकोला म्हणाले. "एका दिवसात! पोरांना सहा महिने लागतात!"

बायकोने वाकून पाहिलं. डोळा सरळ दिसत होता हे तिलाही नाकारता येईना. "पण मग हा उठत का नाही?" तिने विचारलं. उत्तर म्हणून चष्मेवाल्यांनी उजव्या डोळ्यावर पट्टी पुन्हा बांधली.

गुरुवारी सकाळी खाली दुकानात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बायको जिन्यावरून धावली. वकील स्टुलाभोवती डावीकडे डावीकडे फेऱ्या मारत होता, थांबता येत नसल्यासारखा. तिच्या देखत त्याचे पाय एकमेकांत अडकले, तो फ्रेमांच्या ट्रेवर पडला, ओकला, आणि पडल्या जागी चारही पाय हवेत चालवत राहिला. चष्मेवाले जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. त्यांना पुढे पाऊल टाकवेना. बायकोने पट्टी ओरबाडून काढली, वकिलाला चादरीत गुंडाळलं आणि लॉन्ड्रीवाल्याला हाक मारली. नवऱ्याला तिने एकच शब्द ऐकवला. "चला."

जनावरांची डॉक्टरीण तिशीची होती. तिच्या नाकावरचा चष्मा याच दुकानातला, आणि सातवीत असताना पहिला चष्माही यांनीच दिलेला.

"कधीपासून काका?"

"मंगळवारपासून. डोळा तिरळा झाला होता. पण तो आता बराच सरळ आलाय," चष्मेवाले म्हणाले. एवढं होऊनही सवय जात नव्हती. "बघा तुम्ही."

डॉक्टरणीने पाहिलं. डोळा सरळ होता. मग तिने वकिलाच्या हनुवटीखाली बोटं घातली आणि मान हळूच वर उचलली. डावं बुबुळ घसरत घसरत खालच्या पापणीत जाऊन बसलं. तिने मान खाली केली, डोळा सरळ. वर केली, पुन्हा खाली.

चष्मेवाल्यांना आता उमगलं. मंगळवारी त्यांनी मान वर करून पाहिलं होतं. बुधवारी तो आडवा असताना. बरं काहीच झालं नव्हतं.

तिने वकिलाचा पुढचा पंजा उलटा करून टेबलावर टेकवला. कुठलाही कुत्रा तो झटक्यात सरळ करतो. वकिलाचा पंजा तसाच उलटा पडून राहिला. मग तिने पायाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि आकडा लिहायच्या आधी एकदा चष्मेवाल्यांकडे पाहिलं.

"काका, हा डोळ्याचा आजार नाहीये. डोळ्यात काही बिघडलेलं नाही. मेंदूचा जो भाग तोल सांभाळतो, तिथलं रक्त अडलंय. माणसाला येतो तसा झटका आलाय याला. मेंदूचा फोटो काढल्याशिवाय शंभर टक्के नाही सांगता येणार, पण बुबुळ असं वरखाली थरथरतं, पंजा उलटा राहतो, सगळं एका रात्रीत होतं... आणि रक्तदाब केवढा वाढलाय. बहुतेक मूत्रपिंडं थकलीत. घरी काही औषध घातलंत का?"

बायकोने मुठीतली पट्टी टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"चांगल्या डोळ्यावर बांधली होती," चष्मेवाले म्हणाले. "दोन दिवस."

डॉक्टरणीने पट्टी उचलून उलटसुलट पाहिली. या माणसाने लहानपणी तिला तक्त्यासमोर बसवून सांगितलं होतं, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणावं, अंदाजाने बोलू नये. ते ती बोलली नाही. पण खरं लपवणंही तिला जमेना.

"काका, तोल गेलेलं जनावर डोळ्यांच्या आधाराने उभं राहतं. जमीन कुठेय, भिंत कुठेय, हे बघून सावरतं. तुम्ही तो आधारच बांधून ठेवलात."

"पहिल्या दिवशी आणला असता तर?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"झटका येऊन गेलाच होता, तो नसता टळला. पण रक्तदाब तेव्हाच खाली आणला असता. आज सकाळी जे झालं, तो बहुधा दुसरा झटका आहे."

चष्मेवाल्यांनी टेबल धरलं. परक्यांच्या पोरांच्या डोळ्यांसाठी हा माणूस डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पट्टीला हात लावत नसे, आणि घरच्या जिवाला चिठ्ठी लागली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी काय असतो?

"जगेल का?" बायकोने विचारलं.

"कुत्री यातून पुष्कळदा उठतात, माणसांपेक्षा लवकर. पण याचं वय आहे, दोनदा झालंय. तीन दिवस मला द्या."

त्या तीन दिवसांत दुकानाचं शटर उघडलं नाही. घरी गेल्यावर दोघांनी जेवायला घेतलं, आणि बायकोला कळेना की भात वाढलाय हे आता कुणाला सांगायचं. तिने ताट सरकवलं. चष्मेवाले दवाखान्यात जाऊन पिंजऱ्यासमोर बसायचे, हात मांडीखाली घालून. वकिलाला हात लावायची त्यांची छाती होत नव्हती. दोन वेळा गोळी देणं, कूस बदलणं, चमच्याने पाणी पाजणं, सगळं बायको करायची. नवऱ्याला ती एका शब्दानेही बोलली नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी वकिलाने डोकं उचललं. सहाव्या दिवशी तो उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला. दहाव्या दिवशी डॉक्टरणीने गोळ्यांची पाकिटं हातात देऊन त्याला घरी पाठवलं. मान थोडी वाकडीच राहणार होती, रक्तदाबाची गोळी जन्माची लागली होती, पण जीव वाचला होता.

दुकानात सोडल्यावर वकील जरा उभा राहिला. चष्मेवाले स्टुलावर बसले होते. तो गल्ल्याला खांदा घासत, चार पावलांवर एकदा थांबत, त्यांच्याकडे निघाला. बायको मागे हात पसरून चालत होती, पण त्याने तिला मदत करू दिली नाही. त्यांच्यापर्यंत पोचल्यावर त्याने हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर टेकवली, उजवा, चांगला डोळा मिटून घेतला आणि हललाच नाही.

"काय रे? काय हवंय?" चष्मेवाल्यांनी विचारलं. वकील तसाच, डोळा घट्ट मिटून.

"अहो," दहा दिवसांत पहिल्यांदाच बायको त्यांच्याशी बोलली, "तो पट्टी बांधून घ्यायला आलाय."