चौदा जाकिटं

माझी मावशी माणसांचे दोनच प्रकार मानते. ज्यांच्या पँटचा तळ नीट दुमडलेला आहे ते, आणि बाकीचे. कुणाची ओळख करून दिली की ती आधी त्याच्या घोट्यांकडे बघते, आणि मग तोंडाकडे बघायचं की नाही ते ठरवते. माझ्या लग्नात नवऱ्याकडच्या निम्म्या मंडळींना ती त्यांच्या घोट्यांवरूनच ओळखत होती, आणि त्यातल्या एकाला तिने भर पंगतीत ‘उद्या दुकानात येऊन जा’ असं सांगितलं होतं.

तिचं दुकान जिन्याखाली, लाँड्री आणि किल्लीवाला यांच्या मधे. दोन मशीन, एक आरसा, एक स्टूल आणि एक पडदा. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला बाहेर उभं राहावं लागतं. या देशात येऊन तिला बत्तीस वर्षं झाली, पण इथल्या भाषेतली चारच वाक्यं ती मनापासून बोलते: सरळ उभे राहा. श्वास सोडा. मंगळवारी या. नाही, मंगळवारीच.

तिचा एक नियम मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. कापडावर अक्षर असेल तर गिऱ्हाइकाने ते आधी मोठ्याने वाचून दाखवायचं. मग मावशी किल्लीवाल्याला हाक मारते आणि तेच त्याच्याकडून पुन्हा वाचून घेते. दोघांचं जुळलं तरच मशीनला पाय लावते. एकदा एका म्हातारबांचा अ‍ॅप्रन आला होता, नातवंडांनी भेट दिलेला. त्यावर ‘जगातला सर्वांत वाईट आचारी’ असं लिहिलेलं होतं. बिचारे वाचताना लाजून लाल झाले, आणि किल्लीवाल्याने तर ते दोनदा वाचलं. आम्ही घरात तिला शंकेखोर म्हणायचो. आता तिला इथलं वाचता येतं, चांगलं येतं, तरी नियम तोच.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत चित्रपटवाले आले. तीस वर्षांपूर्वी इथे डोकी भादरलेल्या पोरांच्या टोळ्या फिरायच्या, आणि बाहेरून आलेला माणूस एकटा सापडला की त्याला बुकलून काढायच्या, त्या दिवसांवरचा चित्रपट. दिग्दर्शक तेव्हा पाळण्यात असेल. आमची गल्ली खरी वाटावी म्हणून त्यांनी ती तीन दिवस खपून घाण केली. भिंतींवर शिव्या रंगवल्या, कचऱ्याचे डबे उलटे केले. आम्ही तीस वर्षं जे घासून पुसून काढलं होतं ते त्यांनी पगारी माणसं लावून परत आणलं. मी हे सगळं बोलले असते, पण मीही त्यांच्याच पगारावर होते. पोशाख विभागात मदतनीस.

टोळीतल्या पोरांसाठी चौदा जाकिटं हवी होती, आणि प्रत्येकाच्या पाठीवर लाल गोल कापडी बिल्ला. पोशाखवाल्या बाई म्हणाल्या, कुणी पक्कं शिवणारं आहे का? मी छाती फुगवून मावशीचं नाव सांगितलं. बाईंनी नमुना म्हणून एक जुना फोटो मोठा करून दिला. खऱ्या टोळीतला एक उंच पोरगा, पाठमोरा, आणि पाठीवर तो बिल्ला.

मावशीने फोटो घेतला, चष्मा लावला आणि बिल्ल्याच्या कडेवर बोट ठेवलं. मला वाटलं आता किल्लीवाल्याला हाक मारणार. तिने मारली नाही.

“ही शिवण माझी आहे,” ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. मावशी काहीही शिवताना टीप जिथे संपते तिथे एक इवलासा त्रिकोण काढून दोरा आत घेते. सुरुवातीला सगळे शिंपी असंच करतात असं मला वाटायचं. कुणीच करत नाही. फोटोत तो त्रिकोण होता.

आता माझं काय चुकलं ते सांगते, कारण मावशीचं सांगायचं तर माझंही सांगायला हवं. मी एक अक्षर विचारलं नाही. उड्या मारत गेले आणि पोशाखवाल्या बाईंना सांगून टाकलं की ते खरे बिल्लेसुद्धा माझ्या मावशीनेच शिवलेले! बाईंचे डोळे चमकले. “तेच हात! आपण वर्तमानपत्रवाल्यांना बोलावू या. शनिवारी.” मी म्हटलं, हो हो, नक्की. जिभेला हाड नाही म्हणतात ते उगाच नाही.

परत आले तर मावशीने दुकानाचं दार आतून लावलं होतं. मला बघून उघडलं, स्टुलावर बसवलं आणि पहिल्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली.

दुकान उघडून जेमतेम महिना झाला होता. गिऱ्हाईक म्हणून औषधाला कुणी नव्हतं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, एका बेकरीत पीठ मळायचे, पहाटे जायचे आणि दहाला परत यायचे. तेव्हा तो उंच पोरगा आला. मावशी त्याला अजून लांब्या म्हणते. नऊ जाकिटं आणि नऊ बिल्ले. दारात चिखलाचे बूट पुसून मगच आत आला. भाषा येत नाही म्हणून तिने हातवारे केले, तर हसला नाही, स्वतःही हातवारे करून बोलला. गठ्ठा जड होता तो स्वतः टेबलावर ठेवला. तिला त्या लिपीतलं अक्षरही कळत नव्हतं. गोल कापड, वरती नक्षीसारखी रेघोट्यांची ओळ. तिला वाटलं, फुटबॉलचा संघ असावा.

“जीव ओतून शिवले गं,” मावशी म्हणाली. “दुहेरी टीप. न्यायला आला तेव्हा त्याने एक बिल्ला ओढून बघितला आणि अंगठा वर केला. मी घरी जाऊन तुझ्या काकांना सांगितलं, मला नऊ गिऱ्हाइकं मिळाली. काका मला उचलून नाचले.”

सोळा दिवसांनी सकाळी बेकरीसमोरच्या बस थांब्यावर चौघांनी काकांना गाठलं. बेकरीतली माणसं धावून आली, लांब्या सापडला, बाकीचे पळाले. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची गेली, म्हणजे आहेत, पण वाकत नाहीत. पीठ मळणं सुटलं. पुढे ते बेकरीच्या काउंटरवर बसले ते निवृत्त होईपर्यंत. इस्पितळात पोलिसांचा दुभाषी काकांना विचारत होता, पोरांच्या अंगावर काय होतं? काका म्हणाले, पाठीवर लाल गोल बिल्ला. दुभाषी म्हणाला, हो, माहीत आहे, त्यावर लिहिलेलं असतं, ‘जिथून आलात तिथे जा, नाहीतर गाडू’. मावशी तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी काकांच्या शर्टाची बटणं लावत होती.

“आणि तू सांगितलं नाहीस.”

“त्या दिवशी कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी बोटांचं ऑपरेशन. मग महिना गेला. मग वर्ष गेलं. वर्ष गेल्यावर तर सांगायला तोंडच राहिलं नाही.”

मी तिला वर्तमानपत्रवाल्यांचं सांगितलं. वाटलं, आता कात्री फेकून मारणार. तिने कात्री बाजूला ठेवली. मग मीच शहाणपणा शिकवायला लागले. मी बाईंना सांगते की ओळखण्यात चूक झाली, त्रिकोण सगळेच शिंपी काढतात, झाकली मूठ सव्वा लाखाची, काकांचं वय झालंय, आता कशाला...

“गप्प बस,” मावशी म्हणाली. “माझा त्रिकोण सगळेच काढतात म्हणे! बत्तीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा दाखव.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “ते बाहेरच्या माणसाकडून ऐकतील तर माझं घर राहील का? शनिवारच्या आत मी सांगते. तू ये. मी मधेच थांबले तर मला ढोस.”

ढोसावं लागलं नाही. गुरुवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, भांडी तशीच ठेवून तिने सांगितलं. सरळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फोटो टेबलावर ठेवून. काका म्हणजे बोलका माणूस. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यालाही उत्तर देतात. त्यांनी एवढंच विचारलं, “तेव्हा तुला वाचता येत नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग इस्पितळात कळलं, तेव्हा?”

मावशीने टेबलावरचा फोटो पालथा केला. काका उठले, बूट घातले आणि बाहेर गेले. दोन तासांनी आले ते न बोलता झोपले. शुक्रवारी बोलले नाहीत. शनिवारी वर्तमानपत्रवाले यायचे होते, ते मी बाईंच्या हातापाया पडून रद्द करून घेतले. काका त्या दिवशीही बोलले नाहीत. रविवारी तर बातम्यांना उत्तर देणंही बंद. मावशी मला फोन करून सांगायची, “चहा पितात. कप विसळून ठेवतात. माझ्याकडे बघत नाहीत.” तिचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला त्या चित्रपटाचा, त्या फोटोचा, आणि सगळ्यात जास्त माझाच राग आला.

जाकिटं मात्र तिने शिवली. चौदाही. मी म्हटलं, सोडून दे, दुसऱ्या कुणाला देऊ. म्हणाली, “दुसरा कुणी कच्चं शिवेल, आणि बघणाऱ्यांना वाटेल ती पोरं म्हणजे नुसता खेळ होता.”

सोमवारी एक जाकीट परत आलं. चित्रपटाच्या शेवटी एक पोरगा टोळी सोडतो आणि पाठीवरचा बिल्ला एका झटक्यात उपटून फेकतो, असा प्रसंग होता. नट धट्टाकट्टा. अकरा वेळा ओढलं त्याने. जाकिटाची बाही निघाली, बिल्ला निघाला नाही. दिग्दर्शकाने हात जोडून निरोप धाडला होता की बिल्ला काढा आणि नुसत्या कच्च्या टाक्यांवर परत लावा. मी तो निरोप सांगत होते तेवढ्यात दारात काका.

मावशी उभी राहिली. काका स्टुलावर बसले, जाकीट मांडीवर ओढलं आणि हात पुढे केला. “उसवायची कात्री दे.”

“तुम्हाला नाही जमायचं, मी...”

“दे म्हणतो ना.”

काकांनी पहिला टाका शोधायलाच पाच मिनिटं घेतली. दोन न वाकणाऱ्या बोटांमधे कड धरायची, डाव्या हाताने कात्रीचं टोक घालायचं, एक टाका तोडायचा, फुंकर मारायची, पुढचा. मावशी बघवत नाही म्हणून मशीनकडे तोंड करून बसली आणि दोरा नसलेली मशीन उगाच पुसत राहिली. मी जावं की थांबावं ते कळेना, म्हणून थांबले.

अर्धा बिल्ला सुटला तेव्हा काका बोलले, कापडाकडे बघतच.

“त्या दिवशी मी खाली पडलो होतो. ते पळायला लागले तेव्हा हाताला जे लागलं ते धरलं. घसरून पडलेल्या त्या लांब्याची पाठ. हाच बिल्ला. पाचही बोटं मी त्याच्या कडेत घातली. तो ओढतोय, त्यांच्यातला एक परत फिरून बुटाने हात चेचतोय, मी सोडेना. मला वाटत होतं, आता फाटेल आणि हा जाईल. फाटलाच नाही. बेकरीतले येईपर्यंत तो काही सुटला नाही.” त्यांनी एक टाका तोडला. “तेव्हा इतक्या मारातही माझ्या मनात आलं होतं, ज्याने कुणी हा शिवलाय ना, त्याचे पाय धुवून पाणी प्यायला हवं.”

मावशी वळली. तिचा चेहरा मला बघवला नाही.

“म्हणजे बोटं माझ्यामुळेच गेली,” ती म्हणाली.

“गेली. आणि तो सापडला, त्याच्यानंतर या गल्लीत कुणी मार खाल्ला नाही, तेही तुझ्यामुळेच. मला हिशेब लागत नाही गं. चार दिवस लावतोय.” काकांनी डोळे बाहीने पुसले. “पण तू सांगायला हवं होतंस. एवढं मोठं ओझं एकटीने वाहिलंस, आणि मी शेजारी घोरत होतो. त्याचा राग आहे मला. अजून आहे. जायला वेळ लागेल.”

“लागू दे,” मावशी म्हणाली. रडता रडता ती त्यांच्या गुडघ्यापाशी खाली बसली, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या मनगटावर चापट मारली. “अहो, उलट्या बाजूने नका उसवू! कापड फाटेल ना!”

“मग दाखव कसं ते,” काका म्हणाले, आणि तिने त्यांची ती दोन बोटं आपल्या हातात घेऊन कडेवर नीट ठेवली.