आर्या, हबेस आणि आईची टाकी

आमच्या घरात दर्यावरचे दोन शब्द रोजच्या वापरात होते, आणि दर्या आमच्यातल्या एकानंही पाहिला नव्हता. आप्पा सोलापुरात रेल्वेत खलाशांचे मुकादम होते. इंजिनाचं चाक असो की पुलाचा गर्डर, त्यांची टोळी दोर आणि कप्पीवर उचलायची. 'हबेस' म्हटलं की वर ओढायचं, 'आर्या' म्हटलं की खाली सोडायचं. वजन टांगलेलं असताना या दोन शब्दांखेरीज काही म्हणजे काही ऐकायचं नाही, हा टोळीचा धर्म.

आप्पा तो धर्म घरीही पाळायला लावत. फळीवरचा डबा हवा असला की 'आर्या'. पहाटे नळ गुरगुरला की अंथरुणातूनच आईला 'हबेस', आणि स्वतः दुसऱ्या कुशीवर. आई उठायची, घागरी भरायची, शेजारणींशी भांडायची. मला आप्पांचा असा राग यायचा की सांगू नका.

मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकत होते. आमच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, आर्या हे वृत्त आहे, मात्रा मोज. आप्पांना विचारलं, तर म्हणाले, "सायबाचा शब्द हाय. नोकरीसंगं मिळतो." खरं मूळ मला फार उशिरा कळलं. पोर्तुगीज दर्यावर्दी शीड खाली घ्यायला जो शब्द वापरायचे, तो किनाऱ्यावरच्या खलाशांनी उचलला, त्यांच्याबरोबर तो गोदीत गेला, गोदीतून रेल्वेत आणि रेल्वेनं थेट आमच्या स्वयंपाकघरात. हबेसचं कूळ मात्र अजून कुणी छातीठोक सांगत नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आईनं एकच ध्यास घेतला. गच्चीवर स्वतःची टाकी. पहाटे नळाला जोर असतो तेव्हा पाणी आपोआप वर चढेल, घागरी सुटतील. विड्या वळून तिनं पैसे साठवले आणि लोखंडी टाकी करून घेतली. मालकांना विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले होते. मालक भाडेकरूला "बघू" म्हणतो ते न बघण्यासाठीच, पण आईनं तेवढ्यावर गवंड्याला, नळाच्या माणसाला, सगळ्यांना सांगून टाकलं.

जिन्यातून टाकी जाईना. म्हणून रविवारी टोळीच घरी आली. आप्पा गच्चीवर, तीन बल्ल्यांच्या तिवईला कप्पी, खाली अंगणात चौघं दोर धरून, फाटकाकडे पाठ करून. आप्पांनी "हबेस!" केलं आणि टाकी डुलत निघाली. आई खाली पदर खोचून उभी होती. तिचे ओठ हलत होते. बहुधा देवाचं नाव असावं.

टाकी निम्म्यावर गेली आणि फाटकातून मालक आले.

"अहो, माझी गच्ची खचेल! खाली घ्या ते!"

टोळीनं मानही वळवली नाही. मालक अक्कलकोटकडचे, रागात कानडीवर गेले. "केळगे इळसरी!" मग दखनीवर. "नीचे लेव बोला ना!" टाकी आपली वरच चालली होती. मला हसू आवरेना. पण मालक आमच्या भिंतीपलीकडे राहत होते आणि आमचे हुकूम रोज ऐकत होते. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी छाती भरून आरोळी ठोकली,

"आर्या!"

टाकी सरसर खाली आली. चौघांचे हात शब्दालाच बांधलेले होते, तोंड कुणाचं ते कोण बघतो!

आई किंचाळली, "हबेस!"

टाकी वर.

"आर्या!"

"हबेस!"

बोळातली सगळी माणसं जमली. टाकी पाळण्यासारखी वरखाली होत होती आणि प्रत्येक आर्याला आईचा चेहरा उतरत होता. शेवटी टोळीतल्या म्हाताऱ्यानं दोर खुंट्याला गुंडाळला आणि वर पाहून विचारलं, "मुकादम, ऐकायचं कुनाचं? येकाचं सांगा."

आप्पा कठड्याशी आले. मालकांपुढे त्यांनी आजवर मान वर केली नव्हती. भाडं द्यायलासुद्धा ते आईलाच पाठवायचे. त्यांनी मालकांकडे बघितलं, मग आईकडे. तो क्षण मला अजून तसाच दिसतो.

"हिचं ऐका," आप्पा म्हणाले. "टाकी हिची हाय."

मग आईनं घसा साफ केला. "मालक, जरा बाजूला व्हा. वर वजन हाय," ती म्हणाली, आणि मालक खरंच बाजूला झाले. तिच्या हबेसवर टाकी कठडा ओलांडून गेली, आप्पांनी ती विटांच्या ओट्यावर धरली आणि खालून आई हळू, अगदी लाडानं म्हणाली, "आर्या."

मालक महिनाभर बोलले नाहीत. गच्ची काही खचली नाही.

टाकी चढली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नळ गुरगुरला. नळाच्या माणसानं आदल्या संध्याकाळीच पाइप जोडला होता. पाणी आपोआप चढणार होतं, पण चावी फिरवायला कुणीतरी उठायला हवं होतं. आम्ही सगळे जागे होतो आणि कुणी हलत नव्हतं. अंधारात आवाज आला, "हबेस."

आवाज आईचा होता. आप्पा उठले.