मागं बघणारा मोर

शहापुरात आमच्या मागावरच्या साडीला काठावर मोर असत. सगळे पुढं बघायचे, पदराजवळचा एकच मागं. मुळात ती आज्ज्याची चूक, पण आप्पा ती देवासारखी जपायचे. मी चार बुकं शिकलेली. मला त्या मोराचा भारी राग. आप्पा गावाला गेल्यावर मी एका साडीत त्याची मान सरळ करून टाकली.

आठवड्यानं निपाणीची जुनी गिऱ्हाईक बाई ती साडी परत घेऊन आली. "लेकीच्या लग्नाची हाय गं. ही तुमची न्हाय."

मी ऐटीत म्हटलं, "आमचीच हाय मावशी, चूक तेवढी सुधारलीया."

तिनं काठावरनं बोट फिरवलं. "मग ह्यात तुमचं ऱ्हायलं काय?"