अण्णाने हात दाखवला

मी गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा न बांधणारा माणूस. भूतखेत म्हणजे रिकाम्या डोक्याचे धंदे, असं स्टँडवर तोंडावर सांगायचो. आजही फार बदललोय असं नाही... पण हे सांगतो.

आमच्याकडे मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. मी जव्हार–मोखाडा जीप चालवायचो. आम्हा जीपवाल्यांचा एक नेम होता — वाटेत अपघात दिसला, की पुढे समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला दोनदा डिपर द्यायचा आणि हात बाहेर काढून खाली-वर करायचा. म्हणजे धोका आहे, हळू जा. माझा थोरला भाऊ अण्णा, तोही जीपवालाच, याच रस्त्यावर अपघातात गेला. घाटातल्या वळणावर ट्रक बंद पडला होता. समोरून दोन गाड्या आल्या होत्या, एकानेही त्याला सांगितलं नाही.

दोन वर्षांनी, मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी सकाळी, त्याच वळणावर एक टेम्पो उलटलेला. ड्रायव्हरला कोणीतरी आधीच नेलं होतं, पण रस्ताभर ऑईल सांडलेलं. माझी जीप कशीबशी सावरली. पुढे येईल त्याला हात करत चाललो होतो. तेवढ्यात नामदेवची जीप आली, खचाखच भरलेली. आदल्या दिवशी त्याने स्टँडवर माझा नंबर तोडून आपली जीप आधी भरली होती, आईबहिणीवरून भांडण झालं होतं. मी मान फिरवली. हात स्टिअरिंगवरच ठेवला.

शेजारी जामसरचे एक गुरुजी बसले होते. हळूच म्हणाले, "अरे, त्याला नाही सांगितलंस?"

मी जीप वळवली आणि सुसाट मागे...

नामदेवची जीप वळणाच्या अलीकडे उभी होती. माणसं ऑईलवर माती टाकत होती. तो रस्त्याकडेला बसलेला, घामाने चिंब.

"तू नाय सांगितलंस," तो म्हणाला. "पण तुझ्या मागून अण्णा आला ना. डिपर दिला, हात केला. मी ब्रेक मारला... मंग आठवलं, अण्णा तर गेला."

माझ्या मागे गाडी नव्हती. असती तर परत येताना मला समोर भेटली असती. गुरुजींनीही कोणाला पाहिलं नाही. मी तिथेच बसून रडलो. जे मी करायचं, ते त्याला करावं लागलं.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. पुढे वर्षानुवर्षं तो रस्ता तुडवला, मला अण्णा एकदाही दिसला नाही.

त्या दिवशी घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "नामदेवला विचार, बारीक झालाय का तो?"

मला विचारवलं नाही. आई मात्र कितीतरी दिवस मी घरी आलो की म्हणायची, "विचारलंस का रे?"