मार्फत इंदिराबाई

अमळनेरच्या इंदिराबाईंना कोणी सरळ उत्तर दिलं तरी त्यांचं समाधान होत नाही. भाजीवाला म्हणाला मेथी महागली, की त्यांचं लगेच, का? माल आला नाही म्हणाला, की कुठून आला नाही? तो बिचारा जुडी हातात धरून उभा, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग. गावात त्यांना पाठीमागे 'चौकशी अक्का' म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे, कारण लोक आपल्याला पाठीमागे काय म्हणतात याचीही त्यांनी एकदा रीतसर चौकशी केली होती.

छत्तीस वर्षं त्या पोस्टात होत्या. पत्ता अपुरा म्हणून पत्र परत पाठवणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं कामाला सुरतेकडे जायची, तेव्हा जाताना अक्कांच्या खिडकीशी थांबून सांगायची, आमचं टपाल अमक्याच्या किराणा दुकानात टाका. मग पत्त्यावर नाव त्यांचं, आणि खाली 'मार्फत' त्या दुकानदाराचं. अशी दीड-दोनशे घरांची यादी अक्कांच्या डोक्यात असायची. आणि एवढ्या चौकस बाईने छत्तीस वर्षांत दुसऱ्याचं एक पत्र उघडून वाचलं नाही. साधं पोस्टकार्डसुद्धा त्या पालथं ठेवायच्या. मला विचाराल तर हे त्यांचं सगळ्यात मोठं कर्तृत्व आहे.

निवृत्त झाल्यावर समाजाच्या मंडळाने त्यांना वधू-वर परिचय पुस्तिकेच्या कामाला बसवलं. पुस्तिकेच्या शेवटी पुनर्विवाहाची दहा-बारा पानं असतात, ती अक्कांकडे आली. त्यात पूर्वी बायकांचे फोन नंबर छापत. एका वर्षी शिंदखेड्याच्या एका विधवा मुलीचा नंबर छापला आणि लग्नाशी काडीचा संबंध नसलेल्या पुरुषांनी तिला इतके फोन केले, की तिने सिम मोडून फेकून दिलं. अक्का तेव्हा फार चिडल्या. दुसऱ्या वर्षीपासून त्या पानांवर एकही नंबर नाही. प्रत्येक नावाखाली एकच ओळ: संपर्क, मार्फत इंदिराबाई. आणि त्याखाली मंडळाचा ईमेल पत्ता.

हा पत्ता जीमेलचा नव्हता. आधीचे सचिव स्वतःच्या जीमेलवर सगळा कारभार चालवत. ते एका सकाळी अचानक गेले आणि पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. म्हणून अक्कांनी हट्ट धरला की पत्ता मंडळाच्या नावाचाच हवा, माणूस बदलला तरी तो बदलता कामा नये. बस स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या जितेंद्रने मग मंडळाच्या नावाची वेबसाइट करून दिली, आणि त्याच नावाचा ईमेलही.

अक्कांचा नियम कडक. विषयाच्या ओळीत जिचं नाव असेल, तिच्याकडे आलेलं पत्र न वाचता पुढे पाठवायचं, तिचं उत्तर मंडळाच्या पत्त्यावरून त्या माणसाला धाडायचं. दोन्हीकडून दोन-दोन पत्रं झाली, की मगच फोन नंबर. आल्या-गेल्या प्रत्येक पत्राची नोंद त्या वहीत करत. कोणाचं, कोणाला, तारीख काय आणि पाठवणाऱ्याचा ईमेल कोणता. पोस्ट सुटलं तरी आवक-जावक सुटली नव्हती.

आता बैठकीचं सांगतो. मे महिन्यात मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष भूपेंद्रभाऊ अहिराणीत म्हणाले, "ती वेबसाइट कोन देखस आते? बठ्ठा लोके व्हॉट्सॲपवर शेतस. कसाले चालू ठेवानी?" वेबसाइटवर शेवटचा फोटो आठ वर्षांपूर्वीच्या सामूहिक विवाहाचा होता आणि त्यातल्या एका जोडप्याचा मुलगा आता तिसरीत होता. सगळ्यांनी हात वर केले. अक्कांनीही केला. जन्मभर प्रत्येक गोष्टीला 'का' विचारणाऱ्या बाईने त्या दिवशी मात्र काही विचारलं नाही, कारण चहा आला होता आणि गोष्ट सरळ दिसत होती. वेबसाइट बंद म्हणजे वेबसाइट बंद. पत्रांचा त्यात काय संबंध?

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी पुस्तिका वाटली गेली. दरवर्षी त्यानंतर चार-पाच दिवस पत्रांचा नुसता पाऊस पडायचा. या वेळी एकही आलं नाही. पहिल्या दिवशी अक्कांना वाटलं, लोक लग्नसराईत आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांना ते चमत्कारिक वाटायला लागलं. टपालाची पिशवी हलकी येते, पण रिकामी कधी येत नाही, हे त्यांना छत्तीस वर्षांनी शिकवलं होतं.

त्यातच शिरपूरहून दीपमालाचा फोन आला. दीपमाला तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. नवरा जाऊन पाच वर्षं झाली, मुलगी मोहिनी दहा वर्षांची. पाच वर्षांत तिच्यासाठी सात जणांची पत्रं आली होती आणि सातही जणांनी आडून-आडून एकच विचारलं होतं, मुलगी आजोळीच राहील ना? आठवा होता जळगावचा ललित, हायस्कुलात शिक्षक, बायको आजारात गेलेली. त्याने हा प्रश्न विचारला नव्हता. त्याला उत्तर लिहायला दीपमालाने दोन महिने घेतले आणि उत्तरात स्पष्ट लिहिलं, मोहिनी माझ्यासोबतच येईल. ते पत्र अक्कांनी एकोणतीस मेला धाडलं होतं.

"अक्का, काही आलं का हो?" दीपमालाने विचारलं.

"नही उनं अजून."

"राहू द्या मग. समजलं मला."

तिला काय समजलं हे अक्कांना समजलं. आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यात तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. नाही म्हटलं तर नात्यागोत्यात वाईटपणा येतो. म्हणून माणसं गप्प बसतात, आणि आठ-दहा दिवस उत्तर आलं नाही की समोरच्याने नकार समजून घ्यायचा. दीपमालाने समजून घेतला. आपल्या त्या एका ओळीने हा आठवाही गेला, असं तिने धरून घेतलं.

"दीपू, तू माले एक ईमेल टाक," अक्का म्हणाल्या. "मंडळना पत्तावर. काहीबी लिख."

दीपमालाने 'नमस्कार' एवढंच लिहून पाठवलं. दोन मिनिटांत तिचा फोन परत आला. तिचा नमस्कार परत आला होता, सोबत इंग्रजीत चार ओळी, की असा पत्ता सापडत नाही.

अक्का छत्री घेऊन भर उन्हात बस स्टँडकडे निघाल्या. जितेंद्र पन्नाशीला टेकलेला, शांत माणूस. अक्का दुकानात शिरल्या की तो हातातलं काम आधीच बाजूला ठेवतो.

"जितेंद्रभाऊ, वेबसाइट बंद कयी तं मना पत्र काबर बंद व्हयनात?"

"अक्का, पत्रं त्याच मशीनवर येत होती. वेबसाइटसाठी आपण जी जागा भाड्याने घेतली होती ना, त्याच जागेत तुमची टपालपेटीही होती. भूपेंद्रभाऊंनी मेअखेरीला जागा सोडली, पेटी गेली. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. हात तुम्हीही वर केला होता म्हणे."

अक्कांना हे लागलं. पण त्यांनी ते गिळलं आणि पुढचा प्रश्न टाकला. "आनि नाव? मंडळनं नाव बी गयं का?"

"नाव आहे. नावाची नोंदणी वेगळी असते, ती अजून दोन वर्षं आपलीच आहे."

"म्हणजे नाव एकीकडे, जागा दुसरीकडे?"

"हो. आणि टपाल तिसरीकडे असू शकतं."

"थांब," अक्का म्हणाल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. आता त्यांना मजा यायला लागली होती. "टपाल कोठे जावाले पाहिजे, हाई कोन ठरावस?"

जितेंद्रने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नावाची नोंदणी जिथे होती, तिथे त्या नावाखाली एक छोटी यादी होती. वेबसाइट अमुक मशीनवर, ही एक ओळ. आणि या नावाने आलेलं टपाल अमुक मशीनकडे द्यावं, ही दुसरी. त्या दुसऱ्या ओळीत अजून त्या सोडून दिलेल्या जागेचंच नाव होतं. जगभरातून येणारी पत्रं ती ओळ वाचून तिथे जात होती, आणि दार बंद बघून माघारी फिरत होती.

अक्कांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. "अरे, हाई तं मार्फत शे!" त्या जवळजवळ ओरडल्या. "घरले कुलूप शे, टपाल अमक्याना दुकानमा टाका. तेच ना?"

"तेच," जितेंद्र म्हणाला. वीस वर्षं तो हे काम करत होता, पण त्याला हे इतकं सोपं करून कधी सांगता आलं नव्हतं.

मग घर न घेता टपाल कोणाच्या दुकानात टाकायचं, एवढाच प्रश्न उरला. जितेंद्रने आधी सोपा मार्ग सांगितला: आलेलं सगळं अक्कांच्या स्वतःच्या जीमेलवर वळवायचं. अक्कांनी विचारलं, मग उत्तर कोणत्या पत्त्यावरून जाईल? तो म्हणाला, तुमच्या जीमेलवरून. चालणार नाही, त्या म्हणाल्या. बाईने मंडळाच्या भरवशावर लिहिलेलं उत्तर तिसऱ्याच पत्त्यावरून गेलं, तर समोरचा विश्वास का ठेवील? मग जितेंद्रने दुसरा मार्ग काढला. फक्त टपाल सांभाळणाऱ्या काही सेवा असतात. नाव आपलं, वेबसाइटची गरज नाही, आणि एक-दोन पेट्यांपुरतं त्या पैसेही मागत नाहीत. येणंही त्याच पत्त्यावर, जाणंही त्याच पत्त्यावरून.

एक अडचण राहिली. ती ओळ बदलायला ओटीपी लागणार होता, आणि तो जाणार होता भूपेंद्रभाऊंच्या मोबाइलवर. भूपेंद्रभाऊ धुळ्याला एका लग्नात पंगतीत बसले होते. अक्कांनी तीनदा फोन लावल्यावर त्यांनी तो उचलला आणि डाव्या हाताने मोबाइल धरून बँडच्या गोंगाटात सहा आकडे ओरडून सांगितले. पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यानेही ते पाठ केले असतील.

नव्या पेटीकडे जगाला वळायला थोडा वेळ लागेल, जितेंद्र म्हणाला. चार तासांनी दीपमालाचा दुसरा नमस्कार अक्कांच्या पेटीत येऊन पडला. अक्कांनी टाळी वाजवली. मग लगेच त्यांचा चेहरा उतरला. "आनि दहा दिनना पत्र?"

"ती नाही येणार, अक्का. ती परत गेली. जुन्या पेटीतलीही सगळी गेली."

परत गेलेलं पत्र परत बोलावता येत नाही, हे अक्कांइतकं कोणाला माहीत असणार? पण पाठवणाऱ्याला लिहिता येतं. त्यांनी घरी जाऊन वही काढली. मे महिन्यापासून ज्यांची ज्यांची नोंद होती, त्या एकवीस जणांना त्यांनी एकेक करून लिहिलं. लिहिताना रीतीला बाजूला सारून स्पष्ट लिहिलं, की आमचा पत्ता दहा दिवस बंद होता, चूक आमची, त्यात माझीही. या दिवसांत तुमचं पत्र परत आलं असेल तर तो कोणाचाही नकार समजू नये. पत्र पुन्हा पाठवावं. आणि नकारच लिहायचा असेल, तरी लिहून पाठवावा, वाट बघणाऱ्या माणसाला गप्प राहून छळू नये. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ललितचं पत्र आलं. अक्कांची बोटं त्यावर थबकली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुसऱ्याचं पत्र उघडून वाचावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आत होकार होता की नाही, एवढंच तर बघायचं होतं. त्यांनी डोळे मिटून ते पुढे पाठवून दिलं, वहीत नोंद केली आणि गॅसवर काही नसताना उगाचच स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या.

दीपमालाचा फोन पाऊण तासाने आला.

"दीपू? काय लिखेल शे?" अक्कांनी विचारलं. विचारायचा हक्क आपल्याला नाही, हे माहीत असून विचारलं.

दीपमालाने वाचून दाखवलं. "'हेच पत्र दोन जूनला पाठवलं होतं, ते परत आलं. मला वाटलं, तुम्ही पत्ता बंद करून नकार दिला. आता पुन्हा तेच पाठवतो. मोहिनीची चौथी झाली का? माझ्या घराजवळच्या शाळेत पाचवीला सेमी आणि मराठी दोन्ही आहेत, तिला काय आवडेल ते तिलाच विचारून कळवा. आपलं पुढे जमो न जमो, पण जमलं तर तिचं वर्ष मध्येच तुटायला नको. प्रवेश पंधरा तारखेपर्यंत आहेत.'"

त्या दिवशी अकरा तारीख होती. अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि काही विचारायच्या आत दीपमालानेच विचारलं,

"अक्का, शाळाना दाखला काढाले कितला दिन लागतस?"