दोन लाल, एक सोड

दुबईच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझ्या बॅगेतला गालिचा अर्धा उलगडला, त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "हँडमेड?" मी मान हलवली. कुणाच्या हातचा, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिथेही खोटंच बोललो असतो.

गालिचा माझ्या पणजोबांचा. इंग्रजांच्या अमदानीत ते आधी फौजदार होते, पुढे जिल्ह्याच्या तुरुंगाचे जेलर झाले. तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेत आणि ते विलायतेला जात. हा एवढा एक आमच्या घरी आला. बारा वर्षांपूर्वी घराण्याची स्मरणिका निघाली तेव्हा तिचा संपादक मी होतो. तीत मी लिहिलं, 'कैद्यांनी आपल्या जेलरसाहेबांना प्रेमाने दिलेली भेट.' ते वाचून माझी चुलतबहीण सुधाताई हरखली होती. आता ऊद मेथातल्या तिच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती आणि गालिचा तिला तिथे हवा होता.

सकाळी तिच्या घरी पोचलो. खबूस (तिथली जाडसर पोळी) आणि लसणाची चटणी असा नाश्ता झाला. भाऊजींचा हमरिया फ्री झोनमध्ये लोणच्या-मसाल्यांचा कारखाना आहे, ते तिकडे गेले. खिडकीबाहेर ऊन इतकं पांढरं होतं की समोरच्या इमारती पुसट झाल्या होत्या. दुपारी मी चहा घेत बसलो होतो आणि ताई चार वर्षांच्या नातीला, रियाला, निजवत होती.

"दोन लाल, एक सोड, तीन निळे, गाठ मार."

"मारली!" रिया म्हणाली.

आमच्या घरातली सगळी मुलं याच खेळावर निजली आहेत. मोजणी चालू राहते. मध्येच मोठं माणूस म्हणतं, 'चुकला!' आणि मुलाच्या तळपायावर चापटी मारतं. मूल खिदळतं. मोजणी पुन्हा सुरू होते. मग येतं, 'पुन्हा चुकला!' त्यावर मुलाने डोळे मिटून आडवं पडायचं आणि मुळीच हलायचं नाही. मोठं माणूस हळूच म्हणतं, 'झोपला.'

रिया पडली. ताई म्हणाली, "झोपला." जरा वेळाने एक डोळा उघडून रिया म्हणाली, "अगेन, आजी."

मी कप खाली ठेवला. हा खेळ कुठून आला ते मला ठाऊक होतं. तुरुंगात विणकाम चाले तेव्हा नमुना वाचणारा असाच मोठ्याने गाठी सांगे आणि कैदी त्याला उत्तर देत. पणजोबांनी ते दिवसभर ऐकलं आणि घरी येऊन मुलांना निजवताना म्हटलं. त्यांच्या रोजनिशीत मी वाचलं होतं : एका कैद्याने ओळ चुकवली, म्हणून त्याच्या तळपायांवर छड्या मारल्या. पानाच्या मागच्या बाजूलाही एक नोंद होती. ताईला हे सांगायचं असं ठरवूनच मी आलो होतो. त्या दुपारी सांगितलं नाही.

गालिच्याची एक कड उसवली होती. भाऊजींच्या कारखान्यात बरण्या भरणारे मुख्तारभाई मूळचे गालिचे विणणारे. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांच्याकडे जायचं ठरलं. ते राहतात मुहैस्नाहला, कामगारांच्या वस्तीत. तिकडच्या लोकांत तिचं नाव सोनापूर. मी गिरगावात वाढलेला, आमच्याकडे सोनापूर म्हणजे स्मशान. माझा चेहरा पाहून भाऊजी हसले. "घाबरू नकोस रे, रिटर्न तिकीट आहे. यल्ला (चला)!"

खोलीत आठ खाटा, वर चार, खाली चार. पडदे ओढलेले. बहुतेक खाटांवर माणसं तोंडावर चादर ओढून झोपली होती. भाऊजींना फोन आला, ते बाहेर गेले. मुख्तारभाईंनी खाटांच्या मधे गालिचा उलटा पसरला, चष्मा लावला आणि बोटाने गाठी चाचपत पुटपुटू लागले.

"दो लाल, एक छोड़, तीन नीला..."

"गाठ मार," माझ्या तोंडून गेलं.

"मार दी," वरच्या खाटेवरून कुणीतरी म्हणालं. चादर हलली नाही. तो माणूस झोपेत होता.

मुख्तारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आप भी बुनते थे?"

मी नाही म्हणालो. ते वाचत गेले आणि मी मनात त्यांच्या एक गाठ पुढे होतो. जिथे मला 'चुकला' ऐकू आलं, बरोबर तिथे त्यांचं बोट थांबलं. निळ्याच्या जागी लाल ओळ होती. मग ते गुडघ्यांवर सरकत दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथेही थांबले.

"ये ग़लती नहीं है साहब," ते हळू आवाजात म्हणाले. "ग़लती आदमी एक बार करता है. इसने नाप के दोनों तरफ़ डाली है. ठीक कर दूँ?"

"नहीं," मी म्हणालो. "रहने दीजिए."

त्यांनी फक्त कड शिवली. मग सुलेमानी (बिनदुधाचा चहा) पाजला.

घरी आल्यावर मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. पानाच्या मागची नोंदसुद्धा : पुन्हा तीच चूक, पुन्हा तीच शिक्षा, सकाळी उठला नाही.

ताई कणीक मळायची थांबली. "पान कुठंय ते?"

"फाडलं मी."

"का?"

"स्मरणिका छापायची होती."

बराच वेळ ती हातांची कणीक काढत राहिली. "अवी, मी माझ्या पोरांना हे केलं. काल रियाला केलं. आणि तू चहा पीत बघत होतास."



वास्तुशांतीला गालिचा अंथरला नाही. दुपारी पाहुणे गेल्यावर रिया ताईच्या मांडीवर येऊन बसली आणि स्वतःच मोजू लागली. ताईने 'चुकला' म्हटलं नाही. रियाने स्वतःच्या तळपायावर चापटी मारून घेतली, पुढे मोजलं, म्हणाली, "पुन्हा चुकला," आणि डोळे मिटून पडली.

"रिया, ऊठ," ताई म्हणाली. ती हलली नाही. तिला खेळ नीट शिकवलेला होता. "ऊठ गं, खलास (संपलं) आता, ऊठ!" ताईने तिला खांद्यांना धरून हलवलं, तेव्हा तिने डोळे उघडले आणि आजीचा चेहरा पाहून रडायला लागली.

परत निघताना ताईने गालिचा माझ्या बॅगेत ठेवला. "हा तू सांभाळ," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर मी रोजनिशी काढली. फाडलेलं पान आठवून पुन्हा लिहावं आणि जागेवर चिकटवावं असं ठरवलं होतं. दोन्ही नोंदी लिहिल्या. कैद्याचं नाव मूळ पानावरही नव्हतं, नुसता क्रमांक होता. तो काही केल्या आठवत नाही. तीन आकडी होता की चार, तेही नाही. ती जागा मी कोरी सोडली आहे.

गाठी मात्र मला सगळ्या तोंडपाठ आहेत.